शोध-साधनात नको ती फाइल वर का येते? ‘हळद पेव’ या शोधाच्या निमित्ताने

प्रश्न : संगमकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. सांगलीजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाच्या कागदपत्रांचे काम मी पाहते. जुनी इतिवृत्ते, स्मरणिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, हळद व्यापाऱ्यांच्या आठवणी आणि २००५ व २०१९ च्या महापुरांच्या नोंदी असे बरेच साहित्य आम्ही संगणकावर आणले आहे. काही मजकूर टंकलिखित करून घेतला, काही स्कॅन करून ओसीआरने (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामने) काढला, तर काही फायली छापखान्याकडून मिळाल्या तशाच ठेवल्या. या सगळ्यात शोध घेता यावा म्हणून एका सभासदाच्या मुलाने एसक्यूलाइट या माहिती साठवण्याच्या प्रणालीतील एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीवर एक छोटा प्रोग्राम करून दिला. तो आता नोकरीनिमित्त परगावी असतो. दुरुस्ती करायला तयार आहे, परंतु नेमके काय बदलायचे हे आम्ही त्याला सांगायला हवे.

अडचण निकालांच्या क्रमाची आहे. हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत जी पेवे खणली जात, त्यांवर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी वाचनालयात आली होती. ‘हळद पेव’ असा शोध दिल्यावर सर्वांत वर आली ती दोन ओळींची एक टीप : ‘हळदीच्या पेवांसंबंधीची कागदपत्रे तिसऱ्या कपाटात आहेत.’ ज्या जाड अहवालात पेवांवर एक संपूर्ण प्रकरण आहे, तो अहवाल यादीच्या जवळजवळ तळाशी होता. केवळ ‘पेव’ एवढाच शब्द दिला, तर निकालांत एका पोवाड्याच्या कार्यक्रमाचे इतिवृत्त येते, आणि ज्यात पेवांचा मागमूसही नाही असा, ‘माप वाढले’ या शब्दांचा एक बाजारवृत्तांतही येतो. प्रत्येक निकालापुढे जे गुण दिसतात ते उणे आहेत. पहिल्या निकालाचे उणे आठच्या आसपास, तर शेवटच्याचे उणे एकच्या आसपास.

शोध-साधन समर्पकता कशाच्या आधारे ठरवते, आणि आमच्या बाबतीत चूक सूत्रात आहे की आमच्या मजकुरात, हे कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील. आमच्याकडे येणारा वाचक बहुधा पहिले पाच-सहा निकाल पाहून ‘काही नाही’ म्हणून निघून जातो, आणि कागद असूनही तो नसल्यासारखा होतो. याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर : शब्दसूची (कराड)

ताई, नमस्कार. उण्या गुणांचे आधी सांगतो, कारण तेवढी बाब निर्दोष आहे. एफटीएस५ समर्पकतेचे गुण मुद्दाम उणे चिन्ह लावून देते, जेणेकरून नेहमीच्या चढत्या क्रमाने लावल्यावर सर्वांत समर्पक नोंद पहिली येते. उणे आठ हे उणे एकपेक्षा चांगले. आपल्या यादीचा क्रम त्यानुसारच आहे, तेव्हा त्याला हात लावू नये.

आता दोन ओळींची टीप वर का येते, याकडे येऊ. एफटीएस५ ज्या सूत्राने गुण काढते त्याचे नाव बीएम२५. बीएम म्हणजे ‘बेस्ट मॅच’. लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकापी या प्रणालीवर काम करताना १९९० च्या दशकात ते घडवले. आज अनेक शोध-साधनांचा पाया हेच सूत्र आहे. ल्युसीन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये, आपल्या सहाव्या आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नाही तर वापरायचे सूत्र म्हणून तेच स्वीकारले. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात, आणि आपली तक्रार तिसऱ्या गोष्टीतून निर्माण होते. तरीही पहिल्या दोन समजल्याशिवाय तिसरी नीट कळणार नाही.

शब्द किती दुर्मिळ आहे, हे सूत्र आधी पाहते. जो शब्द संग्रहातील थोड्याच कागदांत येतो तो कागद निवडण्यासाठी अधिक उपयोगी, हा विचार कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ मध्ये मांडला. समजा आपल्याकडे १००० नोंदी आहेत, त्यांपैकी ३०० नोंदींत ‘हळद’ आहे आणि १० नोंदींत ‘पेव’. एफटीएस५ च्या हिशेबाने ‘पेव’चे वजन सुमारे ४.५५ येते आणि ‘हळद’चे सुमारे ०.८५, म्हणजे पाचपटींहून अधिक फरक. एखादा शब्द निम्म्याहून जास्त नोंदींत असेल, तर त्याचे वजन जवळजवळ शून्य धरले जाते. सांगलीच्या संग्रहात ‘हळद’ची गत तशीच होण्याचा संभव मोठा आहे. तो शब्द कोणती नोंद यादीत घ्यायची एवढे ठरवील. क्रम ठरवण्यात त्याचा वाटा नाममात्र राहील.

दुसरी बाब म्हणजे शब्द त्या नोंदीत किती वेळा आला. त्यावरून एक गुणक ठरतो आणि शब्दाच्या वजनाला त्याने गुणले जाते. मात्र हा हिशेब सरळ बेरजेचा नाही. सरासरी लांबीच्या नोंदीत शब्द एकदा आला तर गुणक १ असतो, पाच वेळा आला तर सुमारे १.७७ आणि वीस वेळा आला तर सुमारे २.०८, कितीही वेळा आला तरी तो २.२ च्या पुढे जात नाही. हे योग्यच आहे, कारण एकच शब्द शंभर वेळा लिहिल्याने कागद शंभरपट उपयोगी होत नाही.

तिसरी बाब नोंदीच्या लांबीची. लांब मजकुरात कोणताही शब्द सहज येऊन जातो, म्हणून सूत्र लांब नोंदीचे गुण कमी करते आणि आखूड नोंदीचे वाढवते. एफटीएस५ मध्ये यासाठीचे दोन आकडे, १.२ आणि ०.७५, कायमचे ठरलेले आहेत. त्यांवरून हिशेब करून पाहा. सरासरीच्या दसपट लांब अहवालात ‘पेव’ पाच वेळा आला, तर गुणक भरतो सुमारे ०.७७. सरासरीच्या एक दशांश लांबीच्या टिपेत तोच शब्द एकदाच आला, तरी गुणक भरतो सुमारे १.५८. म्हणजे टिपेला अहवालाच्या दुपटीहून अधिक गुण मिळाले, आणि सूत्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण त्या टिपेत पेवांखेरीज दुसरे काहीच नाही.

यावरचा उपाय सूत्र बदलण्यात नसून नोंद कशाला म्हणायचे हे ठरवण्यात आहे. सध्या आपली एक फाइल म्हणजे एक नोंद असावी. त्याऐवजी मोठ्या अहवालाचे प्रत्येक प्रकरण, किंवा प्रकरणे नसतील तर दोन-तीन पानांचा प्रत्येक भाग, स्वतंत्र नोंद म्हणून सूचीत घालावा, आणि त्यासोबत मूळ अहवालाचे नाव व पृष्ठक्रमांक ठेवावा. मग पेवांवरचे प्रकरण स्वतःच्या बळावर वर येईल. अहवालातील जमाखर्चाची आणि आभारप्रदर्शनाची पाने त्याला खाली ओढणार नाहीत. निकाल दाखवताना एका अहवालाच्या अनेक नोंदी आल्या तर त्यांतील सर्वांत चांगली नोंद धरावी. गुणांची बेरीज करू नये. बेरीज केली की जाड अहवाल केवळ जाडीच्या जोरावर सगळीकडे वर चढतील.

कपाटाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या टिपा संग्रहाच्या मजकुरातून काढून वेगळ्या ठेवाव्यात, हे ओघाने आलेच. पोवाड्याचे कोडे मात्र या तीन बाबींतून उलगडत नाही.

उत्तर : वाईचा वाचक (वाई)

पोवाड्याचे कोडे उलगडते, आणि माझ्या मते संगमकाठ यांच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. शब्दसूची यांनी शब्दांची मोजणी उत्तम समजावली; परंतु ज्यांची मोजणी होते ते तुकडे मराठी शब्द आहेत का, हे आधी पाहायला हवे.

कोणतेही शोध-साधन मजकूर सूचीत घालण्यापूर्वी त्याचे तुकडे पाडते. एफटीएस५ मध्ये हे काम ‘युनिकोड६१’ नावाचा घटक करतो, आणि वेगळे काही सांगितले नाही तर तो युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या चिन्हांसाठीच्या जागतिक प्रमाणाच्या) वर्गीकरणातील अक्षरे व अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. बाकी सर्व चिन्हे त्याच्या लेखी शब्दांमधली मोकळी जागा. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत. ती ‘एमएन’ आणि ‘एमसी’ या जोडचिन्हांच्या वर्गांत येतात. परिणामी प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो.

‘पेव’ या शब्दाचे दोन तुकडे होतात : ‘प’ आणि ‘व’. शोधताना साधन हे दोन तुकडे लागोपाठ कुठे येतात ते पाहते. ‘पोवाडा’ या शब्दाचे तुकडे ‘प’, ‘व’, ‘ड’. त्यात ‘प’ आणि ‘व’ लागोपाठ आहेत, म्हणून पोवाडा सापडतो. ‘माप वाढले’ याचे तुकडे ‘म’, ‘प’, ‘व’, ‘ढल’; दोन शब्दांच्या सीमेवर पुन्हा ‘प’ आणि ‘व’ शेजारी आले, म्हणून बाजारवृत्तांत सापडतो. ‘पाव किलो’ हेही सापडत असणार, पाहून घ्यावे. याउलट ‘पावती’ सापडणार नाही, कारण तिथे ‘व’ आणि ‘त’ यांच्यामध्ये कोणतेही चिन्ह नसल्यामुळे ‘वत’ हा एकसंध तुकडा होतो. ‘हळद’ या शब्दात एकही मात्रा नाही, म्हणून तो तेवढा अखंड राहिला, आणि म्हणूनच ‘हळद’ शोधल्यावर आपल्याला फारसे विचित्र काही दिसले नसावे. ‘कृष्णा’ शोधला तर ‘क’, ‘ष’, ‘ण’ असा शोध होतो. कृष्णाकाठच्या संग्रहात नदीच्या नावाचीच अशी मोडतोड व्हावी, हे मला सहन होत नाही.

अशा सूचीवर दुर्मिळतेचा हिशेब केला तर तो कशाचा असेल? ‘प’नंतर ‘व’ येणाऱ्या नोंदींचा. पेव हा शब्द संग्रहात दुर्मिळ असूनही पोवाडे, पाव आणि मापे यांच्यामुळे तो साधनाला सर्वसामान्य वाटतो आणि त्याचे वजन घटते. म्हणजे वरच्या सूत्रातील पहिलीच पायरी चुकीच्या आकड्यांवर उभी आहे.

दुरुस्ती छोटी आहे. सूचीचा तक्ता तयार करताना युनिकोड६१ ला ‘कॅटेगरीज’ नावाचा पर्याय देता येतो. त्यात मूळच्या वर्गांसोबत ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे दोन वर्ग घालावेत. हा पर्याय तयार तक्त्यावर नंतर लावता येत नाही, त्यामुळे तक्ता नव्याने करून सर्व मजकूर पुन्हा भरावा लागेल. शब्दसूची यांनी सांगितलेली प्रकरणांची फोड त्याच वेळी करून घ्यावी. भरणा झाला की ‘एफटीएस५व्होकॅब’ या सोयीने सूचीतील शब्दांची यादी काढावी. प्रत्येक शब्द, तो किती नोंदींत आहे आणि एकूण किती वेळा आला, हे त्यात दिसते. ती यादी वाचनालयातील कोणीही जाणता माणूस वाचू शकेल. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही, मराठी वाचता आले की पुरते.

आणखी एक बाब याच वेळी उरकून घ्यावी. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवलेला आढळतो. काही ठिकाणी नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ वापरून, तर काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साधनाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात तर ते अदृश्य चिन्ह शब्द मधोमध तोडते. ‘व्यापाऱ्यांचा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या सर्वांची हीच कथा. सूचीत घालताना आणि शोधताना दोन्ही वेळा दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्यावा. ‘ॲ’चेही असेच दोन प्रकार आहेत. देवनागरी आणि इंग्रजी अंकांचे तेच; महापुराचे वर्ष कोणी एका तऱ्हेच्या अंकांत लिहिले असेल, तर दुसऱ्या तऱ्हेने शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

संगमकाठ (सांगली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सभासदाच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे तक्ता नव्याने भरला आहे आणि अहवालांची प्रकरणवार फोडही केली आहे. शब्दयादी आता खरोखर मराठी शब्दांची दिसते, आणि पोवाडा गेला.

परंतु एक नवीन गोष्ट घडली. पूर्वी ‘पेव’ शोधल्यावर ‘पेवांची’, ‘पेवात’, ‘पेवाच्या’ असे शब्द असलेल्या नोंदीही येत असत. आता केवळ ‘पेव’ हाच शब्द जसाच्या तसा असलेल्या नोंदी येतात, आणि त्या फारच थोड्या आहेत. ‘पूर’ आणि ‘ऊस’ यांच्या बाबतीतही असेच होते. याला उपाय काय? तसेच, आमच्या कार्यकारिणीतील एका सदस्यांची सूचना आहे की, जे कागद वाचक वारंवार उघडतात किंवा जे अलीकडचे आहेत, ते आपोआप वर यावेत. तसे करणे योग्य होईल का? कार्यालयाच्या संगणकावर विंडोजचा स्वतःचा शोध वापरला तर क्रम आणखी निराळाच येतो, हेही नमूद करते.

उत्तर : शब्दसूची (कराड)

हे अपेक्षितच होते. शब्द तुटत होते तेव्हा प्रत्ययही तुटून बाजूला पडत होते, त्यामुळे ‘पेवांची’मधील ‘प’ आणि ‘व’ अनायासे सापडत. आता शब्द अखंड झाल्यामुळे विभक्तीचा विचार आपल्याला जाणीवपूर्वक करावा लागेल.

सर्वांत सोपी वाट म्हणजे शब्दाच्या शेवटी तारका देऊन आरंभावरून शोधणे. ‘पेव’पुढे तारका दिली की पेवे, पेवात, पेवांची हे सर्व येतात, आणि एफटीएस५ त्या सर्वांची मोजणी एकाच शब्दासारखी करते, हा मोठा लाभ आहे. तसे न करता प्रत्येक रूप वेगवेगळे दिले तर प्रत्येकाची दुर्मिळता वेगळी मोजली जाते, आणि ‘पेवांसंदर्भातील’ असे एखादेच रूप, केवळ ते संग्रहात एकदाच आले म्हणून, सर्वांत मौल्यवान ठरते. वास्तविक विषय तोच असतो.

परंतु तारका सर्वत्र चालत नाही, कारण मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि त्यात आरंभाचे अक्षरही बदलू शकते. ‘ऊस’ला प्रत्यय लागला की ‘उसाचा’, ‘उसाला’. म्हणजे दीर्घ ‘ऊ’ने सुरू होणारा शोध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘उस’पुढे तारका द्यावी, तर उसळ आणि उसने पैसे येतात. तिथे ‘ऊस’ किंवा ‘उसा’पुढे तारका, असा जोड शोध द्यावा, ‘उसासा’ एखाद्या कथेत आला तरी इतिहासाच्या संग्रहात त्याचा उपद्रव नाही. ‘पूर’चे प्रकरण अधिक बिकट आहे. ‘पूर’पुढे तारका दिली तर पूर्व आणि पूर्ण येतात, ‘पुरा’पुढे दिली तर पुरावा, पुराण आणि पुरातन येतात, आणि ऐतिहासिक कागदांत हे शब्द पावलोपावली असतात. तिथे पुरात, पुराचा, पुराचे, पुरामुळे, पुराने अशी रूपे हाताने लिहून ठेवणेच श्रेयस्कर. ‘महापुरा’पुढे मात्र निर्धास्तपणे तारका द्यावी.

वाचकाकडून ही कसरत करून घेणे योग्य नाही. आपल्या विषयाचे महत्त्वाचे शब्द मोजके असणार : पेव, हळद, ऊस, पूर, विहीर, पाणी, अडत, सौदा, गावांची नावे. त्यांची रूपांसह एक यादी करावी आणि मजकूर सूचीत भरतानाच त्या रूपांच्या जागी मूळ शब्द ठेवलेला एक जादा स्तंभ तयार करावा. वाचकाने कोणतेही रूप दिले तरी शोधण्यापूर्वी ते मूळ शब्दात बदलले जाईल, आणि सर्व रूपांची मोजणीही एकत्र होईल. सर्व मराठी शब्दांसाठी हे स्वयंचलितपणे करू पाहणारे प्रयत्न झाले आहेत, परंतु आपल्या संग्रहापुरती माणसाने केलेली यादी मला अधिक विश्वासार्ह वाटते. एफटीएस५ मध्ये तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ‘ट्रायग्राम’ हा पर्यायही २०२० पासून आहे. पण त्यात तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध लागत नाही, आणि ‘ऊस’ हा शब्द दोनच चिन्हांचा आहे.

वारंवार उघडलेल्या आणि अलीकडच्या कागदांना वर आणण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. ही पद्धत कुठून आली ते पाहू. संकेतस्थळांच्या शोधात एका पानाकडे इतर कितीजण निर्देश करतात याचा आधार असतो. गुगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँक ही कल्पना त्यावरच उभी आहे. आपल्या फायली एकमेकींकडे असे निर्देश करत नाहीत. तो आधार नसल्यामुळे वैयक्तिक संगणकावरील साधने तारीख आणि वापर यांकडे वळतात. फायरफॉक्सच्या पत्तापट्टीतील सूचना आपण एखादे पान किती वेळा आणि किती अलीकडे पाहिले यावरूनच लागतात. एका माणसाच्या रोजच्या कामासाठी ते उत्तमच आहे, कारण काल उघडलेली फाइल त्याला आज पुन्हा हवी असते. संग्रहात मात्र नेमका याच्या उलट परिणाम होईल. जो कागद आधी कोणी उघडला नाही तो खाली राहील, खाली राहिल्यामुळे पुढेही उघडला जाणार नाही, आणि २०१९ च्या नोंदी २००५ च्या नोंदींना कायम झाकून टाकतील. तारखेनुसार लावण्याची सोय वेगळी द्यावी. वाचकाने मागितली तरच ती चालावी.

विंडोजबद्दल थोडक्यात. तिथे प्रथम फायलींचा मजकूर सूचीत जातो की केवळ नाव आणि गुणधर्म जातात, हे त्या-त्या फाइल-प्रकारासाठी पाहावे लागते, आणि सूची करण्याच्या ‘क्लासिक’ मांडणीत डॉक्युमेंट्ससारखी ठरावीक ठिकाणेच सूचीत येतात. एव्हरीथिंग हे साधन वापरत असाल, तर ते मुळात फायलींच्या नावांवर चालते आणि यादी नावानुसार लावते. त्याच्याकडून समर्पकतेच्या क्रमाची अपेक्षा करू नये.

उत्तर : अक्षरजुळणी (मिरज)

मी डीटीपीच्या व्यवसायात आहे. ताईंनी प्रश्नात ‘छापखान्याकडून मिळालेल्या फायली’ असे लिहिले आहे, त्याबद्दल सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्या फायली कोणत्याही सूत्राने, कितीही मात्रा जोडल्या तरी, वर येणार नाहीत.

युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या भागातील स्मरणिका आणि इतिवृत्ते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा प्रणालींच्या फाँटमध्ये पेजमेकरवर जुळवली जात. त्या फाइलमध्ये पडद्यावर ‘हळद’ दिसते, परंतु आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँट केवळ त्यांचा चेहरा देवनागरी करतो. त्यावरून केलेल्या पीडीएफमध्येही बहुधा तीच चिन्हे असतात. पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर ती फाइल या जातीची आहे हे नक्की समजावे. वाईच्या वाचकांनी सांगितलेली शब्दयादी काढली असेल, तर त्यातही ही गिचमिड स्वतंत्र शब्द म्हणून दिसत असणार.

अशा मजकुरासाठी फाँट-परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक फाँटची चिन्हे वेगळी असल्यामुळे परिवर्तक त्याच फाँटचा हवा. फाँटचे नाव पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसते. परिवर्तनानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा तपासाव्यात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. ज्या फाँटचा परिवर्तक मिळत नाही, त्या फायलींची पाने चित्ररूपात काढून टेसरॅक्टसारख्या ओसीआरमधून वाचून घ्यावीत. त्यात मराठीची सोय आहे. ओसीआरमध्ये ‘पेव’चे ‘पेच’ झाले, तर ती नोंद त्या शोधातून गळते. म्हणून संपूर्ण मजकुराचे मुद्रितशोधन परवडत नसेल, तर निदान शीर्षके आणि प्रकरणांची नावे तरी हाताने दुरुस्त करावीत.

उत्तर : वाईचा वाचक (वाई)

अक्षरजुळणी यांनी शीर्षकांचा उल्लेख केला, तो महत्त्वाचा आहे. एफटीएस५ मध्ये स्तंभागणिक भार देता येतो, आणि प्रकरणाच्या शीर्षकात आलेल्या ‘पेव’ला मजकुरातील ‘पेव’च्या पाचपट भार द्यावा असे मी सुचवीन. मात्र ज्या नोंदींचे शीर्षक अजून ‘स्कॅन’ आणि पुढे क्रमांक असेच आहे, त्यांना यातून काहीच मिळणार नाही आणि त्या अन्यायाने मागे पडतील. म्हणून आधी शीर्षके, मग भार.

बदल लाभदायक ठरला की नाही, हे एका ‘हळद पेव’वरून ठरवू नये. माहिती-शोधाच्या क्षेत्रात याची एक जुनी आणि भक्कम रीत आहे. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात १४०० शोधनिबंधांचा संग्रह घेऊन २२५ प्रश्नांवर निरनिराळ्या पद्धती तपासल्या, आणि कोणता निबंध कोणत्या प्रश्नाला समर्पक आहे हे आधी माणसांकडून ठरवून घेतले होते. वाचनालयाला याची छोटी आवृत्ती सहज करता येईल. वाचक टेबलापाशी येऊन जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे, आणि संग्रह ज्यांना तोंडपाठ आहे अशा ग्रंथपालांनी किंवा जुन्या सभासदांनी प्रत्येक प्रश्नासमोर कोणते कागद यायला हवेत ते लिहावे. असे वीस-पंचवीस प्रश्न जमले की पुरेत. भार पाचऐवजी तीन करून पाहायचा असेल, किंवा रूपांच्या यादीत नवीन शब्द घालायचा असेल, तर त्या बदलाच्या आधी आणि नंतर ही सर्व यादी चालवावी, पहिल्या दहा निकालांत अपेक्षित कागद किती आले ते प्रत्येक प्रश्नासमोर मांडावे, आणि एका प्रश्नाचा निकाल सुधारताना दुसऱ्या तिघांचा बिघडला असेल तर तो बदल मागे घ्यावा.